लोकलचे नवे रूळ आणि पर्यावरणाची सुनावणी: हरकत नेमकी घ्यायची कुठे?

खाजणपाणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

सफाळे आणि केळवे रोडच्या मधे, रुळांच्या पूर्वेला आमची थोडी भातशेती आहे. तांदुळवाडीच्या डोंगराकडून येणारं पाणी ओहोळाने रुळांपर्यंत येतं, रुळांखालच्या मोरीतून पलीकडे खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीत, जातं. उधाण असलं की पाणी पलीकडे जायला तयार होत नाही आणि लावणी झालेलं शेत दोन-दोन दिवस पाण्याखाली राहतं. हे माझ्या आजोबांपासून चालू आहे, त्याची तक्रार नाही.

आता विरार-डहाणू चौपदरीकरणात जुन्या भरावाला लागून नवा भराव येणार. मोरीची लांबी वाढणार. तोंड तेवढंच राहणार की मोठं होणार, कुणाला ठाऊक नाही. आमची जमीन संपादनात जात नाही, त्यामुळे आम्हाला कागद नाही, नोटीस नाही. बाबा म्हणतात, रेल्वेला कोण विचारणार. मी म्हटलं, एवढा मोठा प्रकल्प आहे तर पर्यावरणाची जनसुनावणी झाली असेल किंवा होईल. ती कधी आणि कुठे? हरकत कशी द्यायची? जाणकारांनी सांगावं.

लोकल नको असं अजिबात म्हणत नाहीये. मी स्वतः रोज अंधेरीला जाते.

उगाच
पहिला. आता निवांत वाचतो.

विरारफास्ट
ताई, राग मानू नका, पण असे धागे पाहिले की डोक्यात जातं. डहाणूपर्यंत लोकल यायला १६ एप्रिल २०१३ उजाडलं. त्याआधी शटल आणि मेमूवर दिवस काढले. आजही विरारच्या पुढे दोनच रूळ, त्यावर गुजरातहून येणाऱ्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि मधल्या फटीत आमची लोकल. राजधानी जाऊ दे म्हणून वैतरण्याला बाजूला उभं करतात. चौपदरीकरणाची मंजुरी डिसेंबर २०१६ ची आहे. एकाने मोरीची हरकत घ्यायची, दुसऱ्याने झाडाची, तिसऱ्याने तिवराची (खारफुटीची). आणि आम्ही दाराला लटकायचं.

कलम_वीस
धागाकर्तीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: जनसुनावणी होणार नाही, कारण कायद्याने ती लागतच नाही.

आपल्याकडे पर्यावरणीय आघाताचा अभ्यास आणि जनसुनावणी हे सगळं १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेतून येतं. तिच्या परिशिष्टात प्रकल्पांची यादी आहे. यादीत असाल तर पूर्वपरवानगी लागते, नसाल तर नाही. यादीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, बंदरं आहेत, रोपवेसुद्धा आहे. २०,००० चौरस मीटरच्या वरचं बांधकाम आहे. रेल्वेमार्ग नाही. त्याआधीच्या १९९४ च्या अधिसूचनेतही नव्हता. म्हणजे मोठा मॉल बांधायचा तर पूर्वपरवानगी हवी, ६४ किलोमीटर रूळ टाकायचे तर नको.

यादीतल्या बऱ्याच प्रकल्पांना काय मिळतं तेही सांगतो, म्हणजे आपण कशाला मुकतो ते कळेल. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी लावतं, ३० दिवस आधी जाहीर सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, सगळ्याचं चित्रीकरण. गावातला कोणीही उठून बोलू शकतो. जमीन जात असो वा नसो.

खाजणपाणी
बापरे. रोपवेला लागते आणि रेल्वेला नाही?

उगाच
रोपवे जमिनीवरून जात नाही ना. हवेतल्यांना सगळ्या परवानग्या, जमिनीवरचे मोकळे.

निवृत्त_रूळवाला
मी पस्तीस वर्षं रूळ, पूल आणि भराव यांतच काढली आहेत, त्यामुळे थोडी दुसरी बाजू.

रेल्वेला सूट देण्यामागे काही तर्क आहे. एक लोकल जेवढी माणसं नेते, तेवढी रस्त्याने न्यायची तर किती डांबर लागेल, किती धूर होईल याचा हिशेब करा. शिवाय चौपदरीकरणात बहुतेक पट्टा आधीचाच असतो. नवं जंगल फोडत कुणी जात नाही. सगळ्याला सुनावणी लावली तर ठाणे-दिव्यासारखं होईल. पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर, सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये.

कलम_वीस
काका, हे उदाहरण तुमच्याच गळ्यात पडतंय. ठाणे-दिव्याला कुठली पर्यावरणाची जनसुनावणी लागली होती? तरी चौदा वर्षं गेलीच. सुनावणीमुळे उशीर होतो म्हणायला आधी ती व्हायला हवी ना!

निवृत्त_रूळवाला
मान्य. शब्द मागे घेतो. तर्क मागे घेत नाही.

तिवर
'काहीच तपासणी होत नाही' असं चित्र उभं राहू नये म्हणून लिहितो. तपासणी होते, पण तुकड्या-तुकड्यांत होते.

किनारपट्टीचा भाग असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेत तिवरं सर्वांत कडक वर्गात आहेत आणि क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव धरतात. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा तिवर तोडायचं तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. बुलेट ट्रेनलाही घ्यावी लागली, ९ डिसेंबर २०२२ ला मिळाली. तिथे आधी पन्नास हजारांच्या वर झाडं जाणार होती, आराखड्यात बदल करून आकडा वीस-बावीस हजारांवर आणला. म्हणजे कोणी विचारणारं असलं की स्टेशनाची जागा आणि रस्ते हलवता येतात बरं का!

वनजमीन असेल तर वन संवर्धन कायदा १९८०. आदिवासी भागात वनहक्क आणि ग्रामसभा. शहरात झाडं तोडायची तर १९७५ चा वृक्ष कायदा आणि वृक्ष प्राधिकरण.

म्हणजे तिवराला न्यायालय, जंगलाला वनखातं, झाडाला प्राधिकरण. तुमच्या शेतात तुंबणारं पाणी मात्र यांतल्या कोणाच्याच टेबलावर येत नाही. ते ना झाड, ना जंगल, ना तिवर.

विरारफास्ट
हे शेवटचं वाक्य पटलं. चिडून लिहिलं होतं मघाशी, ताई.

खाजणपाणी
अहो, चिडायचंच आहे. मीही मागच्या आठवड्यात पाऊण तास वैतरण्याला उभी होते.

पापलेट
डहाणू तालुक्यात मात्र वेगळी गंमत आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला, भोवती २५ किलोमीटरचा पट्टाही धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष होते. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला नाही म्हटलं होतं. मोठा प्रकल्प त्यांच्यापुढे जायचा आणि साधा चिकूवाला किंवा मच्छीमार उभा राहून बोलू शकायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेच प्राधिकरण २०२३ मध्ये वाढवणला हो म्हणालं. तेव्हा पाटी तीच असली तरी खुर्चीत कोण आहे ते बघावं लागतं.

उगाच
वाढवण आलं. आता हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाणार. चणे-फुटाणे घेऊन बसतो.

आरेवाला
आणि आरेचं काय? ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीत दोन हजारांवर झाडं

संपादक
आरे आणि वाढवण दोन्हींवर स्वतंत्र धागे आहेत. इथे लोकलच्या विस्ताराबद्दलच बोलावं. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग आरेच्या धाग्यात हलवला आहे.

चौककर
आमच्याकडचा अनुभव. मी चौकचा. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग आमच्या दारातून जातो. जवळपास ३० किलोमीटर, पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाच स्टेशनं, तीन बोगदे. त्यातला वावर्ले बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. बाजूला माथेरानचा संवेदनशील पट्टा, तो २००३ पासून अधिसूचित.

गावात सगळ्यांचं बोलणं बोगद्यावर, दगडावर, डंपरवर. मला विचाराल तर ते चार-पाच वर्षांचं दुखणं आहे. खरा आघात रुळांचा नाहीच. रुळांमागून येणाऱ्या टॉवरचा आहे. लोकल यायच्या आधीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'स्टेशनपासून पाच मिनिटं' अशा पाट्या लागल्या. कुठल्या स्टेशनपासून हे विचारायचं नाही, कारण स्टेशन झालेलंच नव्हतं. या माणसांना पाणी कुठून देणार, सांडपाणी कुठे सोडणार? रेल्वे म्हणते ते आमचं काम नाही. नियोजन प्राधिकरण म्हणतं रेल्वे आमच्या हातात नाही. नदी मधल्या मधे.

वसईची_सून
चौककर, अगदी हेच लिहायला आले होते. बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नालासोपारा-विरारचं काय झालं ते बघा. महानगरपालिका आली जुलै २००९ मध्ये. गाड्या आधी, माणसं त्यांच्या मागून, नियोजन सर्वांत शेवटी.

जुलै २०१८ चा पूर आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, मिठागरात अडकलेल्या लोकांना बोटीने काढलं. तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. रेल्वे म्हणे बाहेरचं पाणी आमच्या रुळांवर येतं. गाववाले म्हणत तुमच्या भरावामुळे पाणी अडतं. दोघंही खरंच बोलत होते. नैसर्गिक उतार अडवला की भराव म्हणजे बंधाराच. फरक एवढाच की बंधाऱ्याला सांडवा ठेवतात.

निवृत्त_रूळवाला
सांडवा म्हणजेच मोरी, वहिनी. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आता खाजणपाणींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सगळे कायदे सांगतायत, मोरीबद्दल कोणी बोलत नाहीये.

मोरीचं तोंड ठरतं पाणलोट क्षेत्रावरून. वर किती डोंगर आहे, किती वेळात किती पाणी खाली येईल, साधारण ५० वर्षांतून एकदा येणारा पूर धरून हिशेब करतात. दुपदरीचं चौपदरी होताना सोपी वाट म्हणजे जुन्या मोरीच्या समोर तेवढ्याच मापाची नवी जोडायची. जुनीच्या तोंडाइतकं नवीचं तोंड, मग पाणी जाणारच, असा विचार. कागदावर चुकीचा नाही.

चूक तीन ठिकाणी होते. पहिली, जुनी मोरी कुठल्या काळातली? या मार्गावरून १८६४ मध्ये गाड्या अहमदाबादेपर्यंत धावायला लागल्या, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी आली. तेव्हा वरचा डोंगर झाडीने भरलेला होता, पाणी सावकाश उतरायचं. आज वर प्लॉट पाडलेत, पाणी धावत येतं. दुसरी, मोरी लांब झाली की आत गाळ साचतो आणि मधला गाळ काढायला माणूस आत जात नाही. तिसरी तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची. हिशेब वरून येणाऱ्या पाण्याचा होतो, पलीकडे उधाण उभं आहे हे बरेचदा धरतच नाहीत. पलीकडची पातळी वर असली तर मोरी कितीही मोठी करा, पाणी थांबणारच. मग उघडझाप करणारं दार लागतं किंवा पलीकडचं खाजण मोकळं ठेवावं लागतं. ते खाजण भरून कोणी गोदाम बांधलं की संपलं.

म्हणून हरकत घेताना 'भराव नको' असं लिहू नका. 'या मोरीचा हिशेब उधाणाची पातळी धरून पुन्हा करा' असं लिहा. पहिल्यावर कोणी बघणार नाही. दुसरं वाचून आतल्या एखाद्या तरुण अभियंत्याला तरी झोप लागणार नाही.

तिवर
काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. मोरीवर इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

उगाच
आमच्या घरची मोरी तुंबते, त्यावर पण सांगा काका.

निवृत्त_रूळवाला
तिथेही पाणलोट क्षेत्र मोठं आणि गाळ काढायला कोणी आत जात नाही, हेच.

कलम_वीस
आता 'कुठे' चं उत्तर. रेल्वे जमीन घेते ती रेल्वे कायद्याच्या कलम २०अ खाली, 'विशेष रेल्वे प्रकल्प' जाहीर करून. ही सोय २००८ च्या दुरुस्तीत आली. अधिसूचना निघाली की कलम २०ड प्रमाणे ३० दिवसांत हरकत देता येते. पण कोणाला? ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याला. शेजारच्या शेतात पाणी तुंबणाऱ्याला तिथे दार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक आघाताचा अभ्यासही रेल्वेला लागू नाही, भरपाई आणि पुनर्वसनाचे नियम मात्र २०१५ पासून लागू झाले.

तरी एक वाट आहे आणि ती गमतीशीर आहे. हे चौपदरीकरण ज्यात येतं त्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला, एमयूटीपी-३ ला, एकूण खर्च १०,९४७ कोटी, आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचं ५० कोटी डॉलरचं कर्ज आहे. करार ऑगस्ट २०२० मध्ये झाला. त्या बँकेचं स्वतःचं पर्यावरण आणि सामाजिक धोरण आहे. कर्ज हवं तर अभ्यास करा, स्थानिकांशी बोला, अहवाल जाहीर करा, तक्रार ऐकायची यंत्रणा ठेवा. म्हणजे आपला कायदा जे मागत नाही ते सावकार मागतो. तुम्ही त्या अहवालात तुमच्या गावाचं नाव शोधा, पाण्याच्या निचऱ्याचा भाग वाचा आणि तक्रार निवारण कक्षाला लेखी द्या. त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सोबत माहिती अधिकारात त्या मोरीचा जलशास्त्रीय हिशेब मागा.

चौककर
सावकाराच्या भीतीने घर झाडायचं, असं झालं हे.

पापलेट
सावकाराची भीती खोटी नसते. पहिल्या एमयूटीपीला जागतिक बँकेचं कर्ज होतं. पुनर्वसनाच्या तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा थांबवला होता. मग काही महिन्यांत धावाधाव झाली. तक्रार करणारे कोण, तर बहुतेक छोटे दुकानदार.

विरारफास्ट
पण मग ज्या प्रकल्पाला बाहेरचं कर्ज नाही, तिथल्या लोकांनी काय करायचं? सावकार शोधायचा?

कलम_वीस
विरारफास्ट, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एक_प्रवासी
मला उलट वाटतं. अहवाल असून काय होतं? मी एका महामार्गाच्या जनसुनावणीला गेलो होतो. मंडपात पंखे, चहा, बिस्किटं, चारशे खुर्च्या. अहवाल इंग्रजीत जाडजूड, मराठी सारांश वाचला तर आमच्या तालुक्यात न दिसणारे प्राणी त्यात होते, बहुतेक दुसऱ्याच कुठल्या अहवालातून चालत आले. बोलायला दोन मिनिटं. शेवटी 'ग्रामस्थांनी प्रकल्पाचे स्वागत केले' अशी नोंद. रेल्वे निदान नाटक तरी करत नाही.

तिवर
नाटकातही प्रेक्षकाला आरडाओरडा करता येतो, नाटकच नसेल तर ओरडणार कोणावर? २०२० मध्ये नव्या पर्यावरण अधिसूचनेचा मसुदा आणून सुनावणीच्या सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचं ठरत होतं. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हा मसुदा आधी २२ भाषांत करा. मसुदा लोकांना समजावा एवढ्यासाठी न्यायालयात जावं लागलं हो.

वसईची_सून
अवांतर होईल, पण वैतरणेच्या पुलाचा विषय निघालाच पाहिजे. वाढीव बेटावरचे लोक वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत स्टेशन गाठतात. वसईच्या खाडीतल्या पाणजूचंही तसंच. आता चौपदरीकरणात नवे पूल होणार. त्याला कडेने तीन फुटांची पायवाट जोडायला किती पोलाद लागलं असतं? हा पर्यावरणाचा प्रश्न नाही, अर्थसंकल्पाचाही नाही. आराखडा काढणाऱ्याने एकदा तिथे उतरून बघायचा प्रश्न आहे. मला सुनावणी याचसाठी हवी. अहवालासाठी नव्हे. कोणीतरी उठून 'साहेब, आम्ही इथून चालतो' एवढं सांगण्यासाठी.

निवृत्त_रूळवाला
वहिनी, यावर मला बोलायला तोंड नाही. आम्ही त्या पुलांवर काम करताना हीच माणसं बाजूला उभी राहून गाडी जाऊ द्यायची आणि आम्हाला पाणी द्यायची.

उरणकर
उशिरा आलो. आमच्या बेलापूर-उरणचं सांगतो. दोन तृतीयांश पैसा सिडकोचा, एक तृतीयांश रेल्वेचा. खारकोपरपर्यंत गाडी आली ११ नोव्हेंबर २०१८ ला, उरणला १२ जानेवारी २०२४ ला. मधे जमीन, गावकऱ्यांच्या मागण्या आणि वनखात्याच्या परवानग्या. आम्ही तेव्हा परवानग्यांना शिव्या घातल्या. आज रिकाम्या गाडीत पाय पसरून बसतो आणि खिडकीतून उरलेली तिवरं बघतो. शिव्या थोड्या कमी घालायला हव्या होत्या असं वाटतं. गाडी उशिरा आली याचा राग मात्र अजून आहे. दोन्ही एकदमच आहे, काय करणार.

खाजणपाणी
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती सांगते.

काकांच्या शब्दांतच पत्र लिहिलं. आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाचे फोटो जोडले, शेजारच्या तिघांच्या सह्या घेतल्या. त्यातला एक म्हणाला, सही करतो पण लोकल थांबवू नका, पोरगी कॉलेजला जाते. तेही पत्रात लिहिलं. एका कार्यालयात दिलं, तिथल्या साहेबांनी हे आमच्याकडे नाही म्हणून दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडे पोच मिळाली. माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय. उत्तर आलं की इथे टाकते.

निवृत्त_रूळवाला
उत्तम. एक राहिलं. अर्जात आणि पत्रात मोरीचा क्रमांक लिहिलात ना? प्रत्येक पुलाला-मोरीला क्रमांक असतो, भिंतीवर रंगवलेला. तो नसेल तर 'कोणती मोरी ते स्पष्ट होत नाही' म्हणून अर्ज परत येईल. लाईनवर जाऊ नका, खालून शेतातून बघा.

खाजणपाणी
काका, आत्ता जाऊन आले. गुडघाभर चिखल आहे. क्रमांक रंगवलेला आहे, पण खालचा अर्धा गाळात गेलाय. शेवटचा आकडा ३ आहे की ८, कळत नाही.

निवृत्त_रूळवाला
दोन्ही लिहा. आणि या अवस्थेतला फोटो जोडा. तो पत्राच्या वर लावा.